डाव्या कानावरचा पत्रा

थोरल्याने साच्याच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठे कचकच लागत नाही ना ते पाहिलं आणि टायटॅनियमचा पातळ पत्रा त्यावर अलगद ठेवला. वरून लोखंडी कडं आवळलं. पत्र्याखालची हवा ओढायचा पंप सुरू केला आणि काटा शून्याला टेकेपर्यंत तिथेच उभा राहिला. खाली चिमूटभर हवा उरली तरी पत्रा साच्यात नीट बसत नाही, फोड आल्यासारखा फुगतो. मग त्याने हौदात पाणी सोडलं.

पाण्यात दोन पितळी टोकं समोरासमोर होती आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी बारीक तार. भिंतीशी जाळीच्या पिंजऱ्यात कपॅसिटर रचलेले होते. त्यांत वीज भरायला लागली की बारीक गुणगुण सुरू व्हायची. कारखान्यातले लोक या यंत्राला म्हातारी म्हणत, कारण एकदा खोकली की अख्ख्या शेडमधली धूळ जागची हलायची. साठवलेली सगळी वीज एका क्षणात तारेतून जाते, तारेची वाफ होते आणि पाण्याचा जो धक्का बसतो त्याने पत्रा डोळ्याची पापणी लवायच्या आत साच्यात जाऊन बसतो. भट्टी नाही, घणाचे घाव नाहीत. पत्रा हाताला गारच लागतो.

थोरल्याने कानांवर टोप्या चढवल्या आणि बटण दाबलं.

धप्प.

लांब दांड्याची तांब्याची काठी टेकवून त्याने कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज जमिनीत घालवली, पाणी सोडून दिलं, कडं सैल केलं. पत्रा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. भुवईच्या वळणापाशी नखाएवढी चीर होती. चिरेतून उजेड येत होता.

मालक मागे येऊन उभे राहिले होते. म्हातारी त्यांनीच उभी केलेली. थोरला तिच्यावर कामाला लागला तेव्हा दोघांचेही केस काळे होते.

"एकाच धक्क्यात नको घेऊस," ते म्हणाले. "हलके हलके दोन-तीन दे. तिथलं वळण खोल आहे."

"हो."

"हे बघ, दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम? सख्खा भाऊ आहे तुझा."

"नको. मीच करतो."

इस्पितळाची कामं कारखान्यात अधूनमधून यायची. एरवी दिव्यांची पात्रं, पंपांची झाकणं, कुणाकुणाच्या यंत्रांचे वेडेवाकडे भाग. कवटीचा साचा आला की कुणी फारसं बोलायचं नाही. कुणाचा आहे, बाई की पुरुष, जगला की नाही, काही कळायचं नाही. हा साचा मात्र थोरल्याने खोक्यातून काढतानाच ओळखला होता. धाकट्याच्या डोक्याची उजवी बाजू शाबूत होती. तिच्यावरून उलटी करून डावी बाजू काढली होती. साच्याच्या खळग्यात अंगठा फिरवला की लहानपणी त्याला न्हाऊ घालताना हाताला लागायचं तेच डोकं लागत होतं, फक्त आतून.

धाकटा मोटारसायकलवरून रस्त्याच्या मधल्या कठड्यावर आदळला होता. त्या संध्याकाळी घरात तो भांडून, दार आपटून निघाला होता. आता त्याच्या डाव्या कानावर वाटीएवढा खळगा होता आणि खळग्यातली कातडी श्वासाबरोबर वरखाली व्हायची. हाडाचा चुराच झाला होता, जपून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चालताना त्याला मऊ टोपडं घालावं लागे. तो चालायचा थोडं, बोलायचा थोडं. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालत बसायचा. चुकून दाराला धडकला तर दाराला म्हणायचा, "लागलं का?"

पूर्वीचा धाकटा दाराला लाथ घालून आत येत असे.

खालच्या मजल्यावर तो, त्याची बायको आणि आई. वर एकटा थोरला. वर सगळं ऐकू यायचं. पण थोरल्याचे कान म्हातारीने खाल्ले आहेत असं घरात सगळे धरून चालत, आणि त्यानेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. एकदा भावजयीचं मनगट मोडलं. न्हाणीत पाय घसरला, असं आईने शेजारी सांगितलं. मनगट जुळलं, पण पुरतं वळेना. भावजय शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथे तिला कात्रीवरून काढून बटणं लावायला बसवलं.

सर्जननी तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पत्रा बसला की मेंदूवर बाहेरून पडणारा भार जातो. पुष्कळ रोगी चांगले भानावर येतात. बोलणं सुधारतं, चालणं सुधारतं, स्वभावही पूर्वीच्या वळणावर येतो.

आईने हात जोडले. भावजय टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"पूर्वीच्या वळणावर म्हणजे कितपत?" तिने विचारलं.

"ते आधी सांगता येत नाही," सर्जन म्हणाले.

पहिला पत्रा चिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावरून परतताना कारखान्याच्या फाटकाशी आली. आत कधी आली नव्हती. थोरला हात पुसत बाहेर गेला.

"पत्रा फुटला म्हणे," ती म्हणाली.

"दुसरा करतोय. होईल याच आठवड्यात."

मोडलेलं मनगट तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं. धरायची सवयच लागली होती तिला.

"घाई नका करू, दादा," ती म्हणाली आणि थोरला काही विचारायच्या आत वळून चालायला लागली.

तो फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. तिचं म्हणणं आपल्याला लख्ख कळलं असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. वरच्या मजल्यावर माणूस राहतो, त्याला हाक मारावी, असंही तिला कधी वाटलं नव्हतं. आणि आज ती चालत इथवर आली होती.

दुसरा पत्रा त्याने हलक्या धक्क्यांनी घेतला. प्रत्येक धक्क्यानंतर नवी तार बांधली, हवा ओढली, पाणी भरलं, काठी टेकवायला विसरला नाही. शेवटी पत्रा बाहेर आला तेव्हा त्याच्यावर खिडकीचा उजेड एका रेषेत वाहिला, कुठे अडला नाही. भुवईचं वळण, कानावरची उतरण, सगळं जागच्या जागी. इतकं साफ काम त्याच्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं.

त्याने तो फडक्यात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवला आणि मालकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हाही गेला," तो म्हणाला.

मालक फोनवर होते. त्यांनी मान वर केली, डोळे मिटून उघडले, हाताने असू दे अशी खूण केली. पाहायला मागितला नाही. थोरल्याच्या शब्दावर पाहायला मागायची रीतच नव्हती त्यांच्यात. फोन संपल्यावर म्हणाले, "या जातीचा पत्रा संपला आता. नवा मागवायला हवा. महिना-दोन महिने जातील."

घरी त्याने तेच सांगितलं. आई रडली. भावजय ताटं वाढत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू लागला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, असं थोरल्याला दिसलं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

पुढचे दिवस घरात शांततेत गेले. निदान वरून तसं वाटायचं. धाकटा बेसूर आवाजात जुनी गाणी म्हणायचा, शब्द विसरला की तीच ओळ पुन्हा. एकदा भावजयीच्या हसण्याचा आवाज आला. थोरला जिन्यात थबकला. हे हसणं आपल्यामुळे आहे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं.

बाकीचं त्याला दिसत होतं, पण त्याने ते हिशोबात धरलं नाही. धाकट्याला झटके यायला लागले होते. झटका आला की डोकं कशावर आपटू नये म्हणून भावजय त्याला मांडीवर घट्ट धरून बसायची. त्याला एकटं सोडता येईना, तेव्हा तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, मग सगळं कामच सोडलं. आंघोळ, औषधं, चादरी. आईचे गुडघे गेलेले. भावजय भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

एका सुट्टीच्या दुपारी धाकटा मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसला होता. थोरला त्याच्या शेजारी जाऊन बसला. धाकट्याच्या मांडीवर टॉवेल होता. त्याची घडी घालून, उलगडून तो पुन्हा घालत होता.

"दादा, एक विचारू?"

"विचार की."

"मी जवळ गेलो की ती दचकते. नेहमी नाही. मी मागून गेलो तर." त्याने टॉवेलची कड जुळवली. "काल पाणी मागायला गेलो तर तिने असा हात केला." त्याने स्वतःचा कोपर डोक्यावर आडवा धरून दाखवला. "मी काय केलं होतं रे?"

"कधी?"

"आधी. मला आठवत नाही. आई म्हणते, काही नाही. तिला विचारलं तर म्हणते, झोपा आता." त्याने थोरल्याकडे पाहिलं. त्याच्या खळग्यातली कातडी भराभर हलत होती. "तू सांग. तू वर होतास ना?"

थोरल्याला वाटलं, उठून आत जावं. कान पुढे करून 'काय म्हणालास?' असं म्हणावं. पण उन्हात बसलेला हा माणूस आणि तो दुसरा, हे दोघे एकच, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मारायचास तिला," तो म्हणाला.

"हाताने?"

"हाताने. पट्ट्याने. मनगट तिचं तूच मोडलंस. मी वर ऐकत होतो."

धाकट्याने टॉवेल बाजूला ठेवला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, कुणीतरी हातात दिलेली वस्तू पाहावी तसे.

"पत्रा बसला की मी पहिल्यासारखा होणार. डॉक्टर म्हणाले ना?"

"नक्की नाही म्हणाले. होईल म्हणाले, थोडंफार."

"मग नको बसवू," धाकटा म्हणाला.

थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच आत गेला.

भावजय इस्त्री करत होती. आई पलीकडच्या खोलीत झोपली होती. थोरला दारातच उभा राहिला.

"तो नको म्हणतोय," तो म्हणाला. "पत्रा नको म्हणतोय. मी सगळं सांगितलं त्याला. तुझ्या मनगटाचंही."

तिने इस्त्री उभी केली.

"तू काळजी करू नकोस. पत्रा केव्हाचाच झालाय, माझ्या कपाटात आहे. दुसरा काही फुटला नव्हता. मालकांना मी खोटंच सांगितलं. तू घाई नको म्हणालीस, त्याच आठवड्यात झाला होता. राहू दे तिथेच. कुणाला कळणार नाही."

हे सांगताना आपल्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं, ते तिच्याकडे पाहिल्यावर. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"झालाय?" ती म्हणाली. "तेव्हाच झाला होता?"

"तू म्हणाली होतीस—"

"मी पंधरा दिवस मागितले होते, दादा." तिचा आवाज चढला नव्हता. "बहिणीच्या गावात खोली बघितली होती. तिथल्या शिवणशाळेत शिकवायचं काम होतं, बसून करायचं. पंधरा दिवसांत खोली रिकामी होणार होती. तोवर त्याचं ऑपरेशन होऊ नये, एवढंच. ते पार पडलं की मी निघणार होते."

थोरला दारातून एक पाऊल आत आला.

"तुम्हाला काय वाटलं? मी त्याला असंच ठेवायला सांगतेय?"

"मला वाटलं, असा तो बरा आहे. तुला त्रास नाही."

"त्रास नाही?" ती म्हणाली आणि तिने घडी घातलेला शर्ट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "धडधाकट माणसाला सोडून जाता येतं, दादा. मारकुट्याला तर जाताच येतं. हे असं उघडं डोकं घेऊन कपाळ दाराला आपटत फिरणारं माणूस टाकून कशी जाऊ मी? कोण धरील त्याला? तुम्ही?"

बाहेर पायऱ्यांवर धाकटा गुणगुणायला लागला होता.

"खोली गेली," ती म्हणाली. "कामही गेलं. किती दिवस थांबणार ते लोक?" मग, जवळजवळ स्वतःशीच, "मला एकदा विचारायचं तरी होतं."

दुसऱ्या दिवशी थोरल्याने फडक्यातला पत्रा मालकांच्या टेबलावर ठेवला. काय झालं ते थोडक्यात सांगितलं. कारण सांगितलं नाही, आणि मालकांनी विचारलं नाही. त्यांनी पत्रा साच्यात बसवून पाहिला, चारी बाजूंनी दाबून पाहिला. कुठे केसाचीही फट नव्हती.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "आज पाठवतो इस्पितळात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे देऊन जा. काही दिवस तू पॉलिशला बस."

थोरल्याने किल्ली काढून दिली.

ऑपरेशनच्या सकाळी धाकट्याला ढकलगाडीवर घेतलं. कागदांवर आईने सही केली होती. धाकट्याचं म्हणणं धरण्याइतकं त्याचं भान नाही, असं ठरलं होतं. तो निमूटपणे आडवा झाला. गाडी हलली तेव्हा त्याने थोरल्याचं बोट पकडलं.

"नको म्हणालो होतो ना मी," तो म्हणाला.

दारापाशी परिचारिकेने त्याचं बोट सोडवलं.

ती तिघं बाकावर बसून राहिली. भावजयीच्या पायाशी एक पिशवी होती, प्रवासाची. आईने ती पाहिली होती आणि पाहिली नाही असं करत होती. बहिणीकडे तूर्त जमिनीवर अंथरूण टाकायला जागा होती, एवढं थोरल्याला कळलं होतं. काम मिळेल तेव्हा मिळेल.

सर्जन बाहेर आले. पत्रा उत्तम बसला, म्हणाले. मूळचाच तिथला असल्यासारखा. थोड्या वेळात शुद्धीवर येईल.

आई रडत देवाचं नाव घ्यायला लागली. भावजय उठली. थोरल्याजवळ येऊन तिने औषधांची थैली त्याच्या मांडीवर ठेवली.

"पांढरी गोळी चुरून द्या, अख्खी गिळत नाही. झटका आला तर तोंडात काही घालू नका, नुसतं कुशीवर वळवा. पाणी गरम लागतं आंघोळीला, पण डोक्यावरून नको." ती थांबली. अजून काही राहिलं का ते आठवत होती. "अंधारात घाबरतो. दिवा असू दे."

"तो शुद्धीवर येईपर्यंत तरी थांब," थोरला म्हणाला.

"आला की मला जाता येणार नाही."

तिने सासूच्या खांद्याला हात लावला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. थोरल्याने कठड्यावरून वाकून पाहिलं नाही. थैली मांडीवर घेऊन बसून राहिला. बऱ्याच वेळाने परिचारिकेने दार उघडून हाक मारली. रोगी जागा झालाय, एकानेच यायचं.

धाकट्याच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं गोल दिसत होतं. खळगा कुठे होता ते सांगता आलं नसतं. डोळे उघडे होते. त्याने थोरल्याला पाहिलं, मग त्याच्या मागे दाराकडे पाहिलं.

"ती कुठंय?"

आवाज घोगरा होता, पण शब्द सरळ आला, कुठे अडला नाही. किती तरी महिन्यांत तो असा सरळ बोलला नव्हता. थोरल्याने कान टवकारले. हा आवाज त्याने वरच्या मजल्यावरून वर्षानुवर्षं ऐकला होता, पायऱ्यांवरच्या उन्हातही ऐकला होता, आणि आता यातला हा कोणता ते त्याला ओळखता येईना.

"ती कुठंय?" धाकट्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

थोरल्याने स्टूल ओढलं आणि दाराकडे पाठ करून, पलंगाला अगदी लागून बसला.

"गेली," तो म्हणाला. "परत यायची नाही."

धाकट्याची चादरीवरची बोटं आवळली गेली. तशीच राहिली. थोरला त्या बोटांकडे बघत होता. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"काही खाऊन गेली का?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याला ते माहीत नव्हतं.